दिवटे डॉक्टरांचं नाक

दिवटे डॉक्टरांचं नाव निघालं की माझा हात आपोआप कपाळाला जातो. ‘देवमाणूस होता हो’ असं जे म्हणतात ना, त्यांनी एक आठवडा त्या देवमाणसाच्या हाताखाली काढून दाखवावा, मग बोलावं. नगरच्या आमच्या इस्पितळात पुरुषांच्या मोठ्या वॉर्डची मी सिस्टर होते आणि ते त्या वॉर्डचे डॉक्टर. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे काही वर्षं आम्ही एकत्र काम केलं. एकत्र म्हणजे ते ओरडायचे आणि मी निस्तरायचे.

दिसायला बेताचेच. बुटके, सावळे, खांद्यातून पुढे वाकलेले. अंगातला पांढरा कोट कायम एका बाजूनं लोंबत असायचा, त्याचं कारण पुढे सांगते. पण माणूस दारातून आत आला की आधी दिसायचं ते नाक. तसं फार मोठं नव्हतं, पण सतत कामात असायचं. सकाळी राउंडला आले की पहिली गोष्ट म्हणजे नाक वर. मग कुठल्यातरी खाटेकडे बोट.

“सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या आजोबांचं ड्रेसिंग सोडा.”

“अहो, आत्ताच तर बांधलंय, डॉक्टर.”

“सोडा म्हणतो ना!”

सोडावं तर आत खरंच पू धरलेला. आता तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की. बरं झालं ते आजोबांचं. माझं ड्रेसिंग वाया गेलं, वेळ गेला, आणि सगळ्या वॉर्डासमोर पाणउतारा झाला तो वेगळाच.

हे नाक त्यांना घरातून मिळालेलं. राहुरीला त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता, लाकडी, बैलाचा. पोरगा पेंडीच्या ढिगावर बसून अभ्यास करून डॉक्टर झाला. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, सगळी तेलं डोळे मिटून ओळखायचे. नुसतं कुठलं ते नाही, किती दिवसांचं तेही. आणि उभ्या जगात त्यांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे खवटपणा.

“खवट!” हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण कुणाचा तरी खून केलाय. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात शिरायचे, तेलाचा डबा हुंगायचे आणि सरळ मोरीत ओतायचे. आमचा आचारी त्या पायी काम सोडून गेला. त्याच्या घरी जाऊन, हातापाया पडून, त्याला परत कुणी आणलं? मी. माळीवाडा स्टँडजवळ एक भजीवाला होता. त्याच्या कढईसमोर सायकल थांबवून हा गृहस्थ गिऱ्हाइकांना व्याख्यान द्यायचा. “हे तेल काळं का झालं? हवा लागली त्याला. हवेतला प्राणवायू तेलाला खातो. धूर दिसत नाही म्हणून जळत नाही असं समजू नका. खवटपणा म्हणजे संथ जळणंच आहे!” भजीवाला झारा घेऊन मागे लागला नाही हेच नशीब.

घरच्या माणसाला असं बोललं तर समजू शकते मी. पण दिवटे डॉक्टरांना माणूस कोण, जागा कुठली, काही काही कळायचं नाही. आमच्या इस्पितळाचे एक विश्वस्त होते, सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. मोठी असामी. दिवाळीत त्यांच्या बंगल्यावर सगळ्या स्टाफला फराळाचं बोलावणं असायचं. आम्ही सगळे आवरून-सावरून गेलो. दादासाहेबांच्या पत्नी स्वतः वाढत होत्या. डॉक्टरांनी करंजी उचलली. मी मनात म्हटलं, देवा, आज तेवढी सरळ तोंडात जाऊ दे. पण नाही, करंजी गेली नाकाशी.

“वहिनी,” दिवाणखाना ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले, “यातलं खोबरं खवट आहे.”

“अहो, परवाच तर किसलं,” वहिनी बिचाऱ्या हसून म्हणाल्या.

“परवा किसलं असेल. वाटी गेल्या उन्हाळ्यातली आहे.”

दादासाहेबांनी पानाचा डबा जो मिटला तो परत उघडलाच नाही. आमच्या वॉर्डाला पंखे देतो म्हणाले होते, ते पंखे बायकांच्या वॉर्डात गेले. परतताना मी रस्त्यातच डॉक्टरांवर उखडले. “एक करंजी गुपचूप गिळली असती तर काय जीव गेला असता का तुमचा?”

ते सायकल हातात धरून चालत होते. अगदी मनापासून गोंधळले होते. म्हणाले, “जीव नसता गेला. पण सिस्टर, विचारल्यावर मी काय सांगू? नाकाला खोटं बोलता येत नाही.”

“त्यांनी विचारलं नव्हतं हो!”

“नव्हतं का?” म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले. आता अशा माणसाशी डोकं फोडायचं तरी कुठवर?

आणि त्या कोटाची गोष्ट. तेव्हा वॉर्डात ऑक्सिजनची मोठाली लोखंडी सिलिंडरं यायची. ती उघडायला एक वजनदार चावी लागते. ती साखळीनं सिलिंडरलाच बांधलेली असावी, हा साधा, शहाण्या माणसांचा नियम. दिवटे डॉक्टरांनी साखळी सोडली आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. कोट लोंबायचा तो त्या चावीनं. ऑक्सिजन वाढवायचा तर डॉक्टरांना शोधा, कमी करायचा तर डॉक्टरांना शोधा. एकदा ते चावी खिशात तशीच घेऊन राहुरीला वडिलांकडे निघून गेले. इकडे माझ्यापुढे दम्याचा पेशंट घुसमटतोय. नळ दुरुस्त करणाऱ्याचा पाना आणून मी सिलिंडर कसंबसं उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून चावीची जोडी करून घेतली. डॉक्टरांना सुगावा लागला. तीही चावी घेतली. फरक एवढाच पडला की कोट दोन्हीकडून लोंबायला लागला.

याच्या मागे एक मास्तर होता. कोवळा पोरगा, नुकता नोकरीला लागलेला. पोटातला पू रक्तात पसरला आणि फुफ्फुसांनी दगा दिला. अशा आजारात फुफ्फुसं ओल्या बोळ्यासारखी जड होतात. माणूस कितीही जोरानं श्वास घेवो, हवा रक्तापर्यंत पोचतच नाही. श्वासाचं यंत्र वगैरे आमच्याकडे कुठलं? होतं ते सिलिंडर, ते आम्ही सताड उघडलं आणि दिवसच्या दिवस उघडंच ठेवलं. मास्तरचे गाल आधी गुलाबी झाले. डॉक्टर खूष, घरचे खूष, मीही खूष. मग फुफ्फुसं आणखी आणखी घट्ट होत गेली आणि तो गेला. त्यानंतर डॉक्टरांच्या कुठेतरी वाचनात आलं की निव्वळ प्राणवायू फार काळ दिला तर धडधाकट जनावरांचीही फुफ्फुसं सुजतात. त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “फुफ्फुसाला आतून मेदाचा पातळ लेप असतो, सिस्टर. मेद म्हणजे तेलच. मी घाण्यावर वाढलो आणि मला हे सुचू नये?” साखळी सोडली ती त्याच दिवशी.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं, “बाटली बघू नका, ओठ बघा.” ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून जातो, त्यात बुडबुडे दिसतात. नातेवाइकांचे डोळे त्या बुडबुड्यांवर. बुडबुडे जोरात, म्हणजे आपला माणूस जगणार. डॉक्टर बुडबुडे कमी करायचे आणि नातेवाईक माझ्या अंगावर धावून यायचे. डॉक्टरांच्या नाही, माझ्या.

दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात भानुदास आला. पाथर्डीकडचा, पंचविशीच्या आतबाहेरचा. पाझर तलावाच्या कामावर दगडांची ट्रॉली उलटली आणि मांडीचं हाड मोडलं. बरोबर आई होती, ठकूबाई. हीही त्याच कामावर खडी फोडणारी, हाडाची काडं झालेली, पण आवाज असा की वॉर्डातली कबुतरं उडावीत. आम्ही पाय वजन लावून ताणून ठेवला. पोरगा हसत-बोलत होता. आणि तिसऱ्या दिवशी एकदम असंबद्ध बडबडायला लागला, धाप लागली, छातीवर आणि काखेत बारीक लाल ठिपके उठले. डॉक्टरांनी पापणी उलटी करून पाहिली, तिथेही ठिपके. नाक न उचलता ते खाली बसले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण अवघड आहे.

मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात उतरली होती आणि रक्तातून फुफ्फुसात. ऑक्सिजन सुरू झाला, पण दिवट्यांच्या पद्धतीनं. ओठ जेमतेम लालसर राहतील एवढाच. बाटलीत आपला एखाद-दुसरा बुडबुडा.

ठकूबाई त्या बाटलीकडे बघत बसली होती. शेवटी तिचा बांध फुटला. “बाई, ही येवढी मोटी टाकी भरलेली हाय आन् माज्या लेकराला ठिपका ठिपका हवा सोडता व्हय? आमी दुष्काळी कामावरची मान्सं म्हनून? सायबाचं पोरगं आसतं तर आसंच केलं आसतं का?”

काय सांगणार? मी डॉक्टरांना गाठलं. “जरा तिला नीट समजावून सांगा, तिच्या मनात भलतंच आलंय.” ते आले आणि काय म्हणाले? “बाटली बघू नका, ओठ बघा,” आणि गेले! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, त्या बाईचं एकुलतं एक पोर आहे, जरा दोन शब्द जास्त खर्च केले तर काय बिघडेल?

दोन शब्द वाचवले, त्याचं फळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ठकूबाईचा भाऊ, भानुदासचा मामा, चार गाववाल्यांना घेऊन वॉर्डात शिरला. त्यांनी खांद्यावर काय आणलं असेल? ऑक्सिजनचं सिलिंडर! कुठल्याशा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून जोडकामाचं, म्हणजे वेल्डिंगचं, सिलिंडर मागून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं होतं. “तुमची टाकी तुमाला ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाला, “आमी आमची लावतो.” मी दुसऱ्या टोकाला एका पेशंटच्या शिरेत सुई घालून अडकलेली. तिथूनच ओरडत होते, “हात लावू नका, हात लावू नका,” पण ऐकतंय कोण!

त्या सिलिंडरचं तोंड धुळीनं घट्ट बसलेलं. मामानं पाना लावला, ते हलेना. आणि मग ठकूबाईनं जे केलं ते तिच्या जागी गावातल्या कुणीही केलं असतं. घरी रहाट कुरकुरला, कडी अडकली, की आपण काय करतो? तिनं गाठोड्यातली तेलाची बाटली काढली, चटणीवर घ्यायला आणलेली, आणि त्या तोंडावर चांगली धार धरली. “गंजलंय जरा,” म्हणाली, “त्येल मुरलं की फिरंल आपसूक.”

मामानं परत पाना लावला आणि जिन्यावरून आरोळी आली, “शेंगदाण्याचं तेल! घाण्याचं! कोण आहे तिथं?”

खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा त्या नाकाला मी मनातून हात जोडले. डॉक्टर धावत आत आले. एरवी चालताना पाय ओढणारा हा माणूस खाटांवरून उडी मारतो की काय असं वाटलं. मामाच्या हातातला पाना हिसकला आणि सिलिंडर आणि खाट यांच्या मध्ये उभे राहिले. “कुणी हलवायचं नाही. विडी कुणाच्या तोंडात आहे? बाहेर!”

सिलिंडर अलगद उचलून बाहेर निंबाखाली नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. मग मामाचा समाचार घेतला. राहुरीला त्यांच्या घाण्याशेजारी जोडकामाचं दुकान होतं. तिथल्या कारागिरानं घाण्यावर तेलकट झालेल्या हातानं असंच सिलिंडर उघडलं होतं. “काडी नाही, ठिणगी नाही. नुसतं तेल आणि दाबातला प्राणवायू. भडका! त्याचा चेहरा मी पाहिलाय. इथं या वॉर्डात काय झालं असतं, कळतंय का?” गाववाले एकमेकांच्या मागे सरकले.

ठकूबाई मात्र हलली नाही. आपल्या तेलकट बोटांकडे बघत होती. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि देव जाणे काय झालं, पण पहिल्यांदाच माणसासारखे बोलले. तिच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसले.

“ठकूबाई, तुमच्या घरी तेल किती दिवस टिकतं?”

“झाकून ठिवलं तर टिकतं. उगडं ऱ्हायलं की खवाट हुतं.”

“का होतं?”

“हवा लागती.”

“तेच. भानुदासच्या हाडातली चरबी त्याच्या छातीत जाऊन बसलीय. तिथं ती फुटते आणि तिची आम्लं होतात. ती फुफ्फुसाला चावतात. फुफ्फुसाचं स्वतःचं तेलही उघडं पडतं. त्यावर मी जोरात प्राणवायू सोडला तर ते आतल्या आत खवट होणार. बाहेर एकदम भडका होतो, आत हळू जळतं. म्हणून थोडा देतोय. तुम्ही गरीब म्हणून नाही.”

ठकूबाईनं पदरानं बोटं पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाली, “हे कालच सांगितलं आसतं तर?”

अगदी माझ्या तोंडातलं बोलली! कालच सांगितलं असतं तर! मी डॉक्टरांकडे असं बघितलं की त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

मला वाटलं, चला, मिटलं. कसलं मिटतंय! आता ठकूबाई सिलिंडरची राखणदार झाली. जवळ कुणाला फिरकू देईना. झाडणारी बाई आली की, “हात धुतलं का? त्येल न्हाई ना हाताला?” मला विचारायची हो, मला! केसाला तेल लावून आलेल्या एका नातेवाइकाला तिनं वॉर्डाच्या दारातून हाकललं. आणि बुडबुडे जरा जोरात आले असं वाटलं की, “बाई, कमी करा, पोरगं खवाट हुईल!”

त्यातच भानुदासचं बिघडलं. सकाळी बघते तर ओठ निळे, नखं निळी, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. डॉक्टरांनी एकदाच पाहिलं, खिशातली चावी काढली आणि माझ्या हातात दिली. “वाढवा.”

मी सिलिंडरकडे वळले, तर पुढे ठकूबाई, दोन्ही हात पसरून.

“न्हाई. हात लावू द्येनार न्हाई. त्येल जळतं आतमंदी.”

“अगं बाई, डॉक्टरच सांगतायत!”

“काल येक सांगितलं, आज येक सांगत्यात. मी हालनार न्हाई.”

आता भोगा! आधी दोन शब्द नव्हते, मग एवढे सांगितले की बाई आता उलट आम्हालाच शिकवायला निघाली. एक पोरगा समोर तडफडतोय, डॉक्टर म्हणतात वाढवा, आई म्हणते कमी करा, आणि मध्ये मी चावी हातात घेऊन उभी. मला रडूच यायचं बाकी होतं. वाटलं, आता हे ओरडणार, बाई हट्टाला पेटणार, आणि पोरगं हातचं जाणार.

डॉक्टर ओरडले नाहीत. फार हळू बोलले. शेजारच्या खाटेलासुद्धा ऐकू गेलं नसेल.

“ठकूबाई, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. प्राणवायू जास्त झाला तर फुफ्फुस जळतं, हे खरंय. पण कमी पडला तर तुमचा मुलगा आत्ता जाईल, आपल्या डोळ्यांदेखत. नेमका किती द्यायचा, ते मला ठाऊक नाही. कुणालाच नीट ठाऊक नाही. इथं एक मास्तर होता. त्याला मी भरपूर दिला. तो गेला. आजारानं गेला का माझ्या हातानं, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून ही चावी घेऊन फिरतो.”

ठकूबाईचे हात तसेच पसरलेले होते. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला ते क्षण अजून सोसत नाहीत.

“मंग आता कसं करनार?” तिनं विचारलं.

“इथं बसणार. ओठ निळे झाले की वाढवणार, लाल झाले की कमी करणार. दुसरं काही येत नाही मला. तुम्हीही बसा.”

ती बाजूला झाली. “मंग बसा की,” म्हणाली, “हुबे कशाला?”

आणि बसले दोघं. डॉक्टर स्टुलावर, ठकूबाई खाली, आणि दोघांचे डोळे भानुदासच्या ओठांवर. कधी ती म्हणायची, “डाक्टर, जरा काळं वाटतंय,” आणि ते चावी फिरवायचे. कधी ते म्हणायचे, “आता लाल आहेत ना?” आणि ती वाकून बघून मान हलवायची. बाकीचा वॉर्ड? तो कुणी बघायचा? मीच, आणखी कोण! इंजेक्शनं मी, ड्रेसिंगं मी, नवे पेशंट मी. दादासाहेब पाहणीला आले तर हा माणूस स्टुलावरून उठलासुद्धा नाही. “नंतर,” म्हणाला त्यांना. विश्वस्तांना! मी आपली दादासाहेबांच्या मागे-मागे, “जरा अवघड पेशंट आहे हो,” करत फिरतेय.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. हळूहळू बरगड्या आत ओढायच्या थांबल्या. ठिपके विरले. एका सकाळी भानुदासनं डोळे उघडून आईला ओळखलं आणि म्हणाला, “आये, चटनी-भाकर दे.” ठकूबाई जी ओरडली ती बहुतेक पार पाथर्डीला ऐकू गेली असेल. डॉक्टरांनी काय करावं? आनंदाचा एक शब्द नाही. उठले, तिच्या गाठोड्यातली चटणी हुंगली आणि म्हणाले, “हो, चालेल.” मग घरी जाऊन झोपले. चावी? अर्थातच खिशात.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. दादासाहेब काही करंजी विसरले नव्हते, आणि ते “नंतर”ही नाही. डॉक्टरांनीच मग औरंगाबादला शिकवायची नोकरी धरली. निरोप-समारंभाला त्यांनी साफ नकार दिला. ‘सामोसे कुठल्या तेलात तळणार ते मला माहीत आहे,’ म्हणे. जायच्या दिवशी दुपारी सिलिंडर बदलायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं, दोन्ही चाव्या त्यांच्याकडेच! कोट हातावर टाकून गृहस्थ स्टँडवर गेले होते. मी ॲप्रनसकट रिक्षात बसले आणि माळीवाडा गाठला.

बस लागली होती. डॉक्टर ट्रंकेवर बसले होते. मी गेल्या गेल्या हात पुढे केला. “चावी!”

“अरेच्चा,” म्हणाले आणि खिसे चाचपायला लागले. एक चावी निघाली. दुसरी शोधतायत, तेवढ्यात मागून तो आवाज आला, कबुतरं उडवणारा.

“डाक्टर! ओ डाक्टर!”

ठकूबाई होती, वॉर्डात विचारून थेट इकडेच आलेली. मागे काठी टेकत, जरा लंगडत भानुदास. अंगानं भरला होता पोरगा. ठकूबाईच्या हातात पितळी झाकणाचा डबा, फडक्यात गुंडाळलेला. धापा टाकत तिनं तो डॉक्टरांच्या हातात ठेवला.

“आमच्या रानातल्या शेंगांचं त्येल हाय. घान्यावरनं काढून आनल्यालं. दुष्काळाआदीचं. पोरगं घरी आलं त्या दिशी तुमच्या नावानं बाजूला काढलं. साऱ्या सालात कोरड्यास कोरडं खाल्लं, पर याला हात लावू दिला न्हाई कुनाला. हा भान्या म्हनतो, खराब झालं आसंल. तुमी सांगा. तुमाला वास लई कळतो.”

आणि तिनं झाकण काढलं.

मी चार हात लांब होते. मलासुद्धा वास आला. दुष्काळाआधीचं तेल, त्यावर अख्खा उन्हाळा उलटलेला. मला करंजी आठवली, मोरीत ओतलेले डबे आठवले. मी डोळ्यांनी खुणा करायला लागले, पण त्या माणसानं आयुष्यात कधी माझी खूण ओळखली होती का?

डॉक्टरांनी डबा दोन्ही हातांत धरला. नाक खाली नेलं. चांगला मोठा श्वास घेतला, आत धरून ठेवला. ठकूबाई त्यांच्या ओठांकडे बघत होती, तशीच, जशी त्या दिवसांत भानुदासच्या ओठांकडे बघायची.

“ताजं आहे,” डॉक्टर म्हणाले. “कालच काढल्यासारखं.”

“बघ!” ठकूबाई भानुदासवर कडाडली. “म्या सांगत न्हवते?”

त्यांनी एक बोट बुडवून तेल चाखलंसुद्धा. मग झाकण घट्ट लावलं. कंडक्टरनं घंटी दिली, हमालानं ट्रंक टपावर टाकली, आणि डॉक्टर डबा छातीशी धरून बसमध्ये चढले. मी खिडकीपाशी गेले. काही बोलावं असं मनात नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

“काय हो डॉक्टर, नाकाला खोटं बोलता येत नाही ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याच्या फडक्याची गाठ घट्ट करत म्हणाले, “सर्दी झालीय, सिस्टर.”

बस हलली, वळली, दिसेनाशी झाली. आणि तेव्हा मला आठवलं, एक चावी हातात आहे, दुसरी राहिली! काय म्हणावं या माणसाला? शेवटच्या दिवशीसुद्धा! मी तिथेच स्टँडवर उभी राहून त्यांना जे मनात येईल ते बोलले, मोठमोठ्यानं, येणारे-जाणारे बघतायत याचंही भान नव्हतं. ठकूबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नका, बाई,” म्हणाली. “येतील की परत कदी.”

“कोण रडतंय?” मी म्हटलं. “माझी चावी नेली त्यांनी!”